उणे एक्केचाळीस

चाळीस मीटरवर वारा वेगळाच असतो.
खाली पऱ्हाटीचं पानही हलत नाही
आणि वर हेल्मेटचा पट्टा
गालावर चापट्या मारत राहतो.
हुक दोन ठिकाणी अडकवायचे, मग हात सोडायचे,
मग पाना काढायचा.
ह्या क्रमात चूक एकदाच होते.

खाली वनिता पेंदोर उभी आहे, बँकसखी,
उन्हासाठी छत्री उघडून.
तिच्या ओसरीत अंगठ्याचं मशीन,
मशीनसमोर रांगेत फक्त चपला;
माणसं कडुनिंबाखाली.
सकाळीच म्हणाली,
"सागाले पानं फुटले का तुमचं नेट जाते.
फागुनात झडले का येते.
चार सालाच्या खुणा हायेत कॅलेंडरवर, पाहून घ्या."
आम्ही कार्ड बदललं होतं, केबल बदलली,
बॅटऱ्या दोनदा.
कॅलेंडर कोणी मागितलं नव्हतं.

लोकांना वाटतं, नेट आभाळातून पडतं.
आभाळाचा वाटा फार थोडा:
फोनपासून ह्या टॉवरपर्यंतचा अर्धा कोस,
आणि इथून त्या टेकडीपर्यंत ताणलेली
एक न दिसणारी सुतळी,
दोन बशा, एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून.
टेकडीखाली पुढे सगळी तारच.
काचेचा एक केस, काळ्या मातीत,
डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं पांढरकवड्याला,
तिथून नागपूर, तिथून समुद्राचा तळ.
उन्हाळ्यात भुई भेगाळते
तेव्हा मला त्या केसाची काळजी वाटते.

आणि सुतळीच्या मधे सागाचं रान.
एका पानात पाणी ते किती!
पण पाण्याला लहर गिळायची खोड,
आणि पानं सुपाएवढी, मोजायची कोणी.
उणे एक्केचाळीस पोचायला हवं,
पोचतं उणे सदुसष्ट.

झाडं वनखात्याची.
नसती तर काय केलं असतं, मला विचारू नका.
बशी सहा मीटर वर न्यायची, ठरलं.

टेकडीवर अस्लम.
बशी जुळवायला दोघांना बोलत राहावं लागतं,
आणि आमचं नेटवर्क तर बंद,
म्हणून दोघेही दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून.
(साहेबांना सांगायचं नाही.)
"डावीकडं. अजून. अबे, थोडं म्हंजे पाव आटा!"
उणे साठ. उणे पंचावन्न.
मग घसरतं, मग पुन्हा पंचावन्न.
हे खोटं शिखर.
खऱ्या किरणाच्या बाजूला असे दोन-चार उंचवटे असतात,
नवशिके तिथंच बोल्ट आवळून घरी जातात.
मीही गेलो होतो, एकदा, राळेगावकडं.
"उलटा ये, अस्लम. खूप उलटा."
बावन्न. सत्तेचाळीस.
एक्केचाळीस.
श्वास न घेता आवळ.

कडुनिंबाखाली एकाच वेळी सगळे खिसे वाजले.
आठ दिवस अडकलेले निरोप:
कुणाचं बारसं, जे होऊन गेलं,
कापसाचा भाव, जो आता तो नाही,
जुने गुड मॉर्निंग.
एक बकरी दचकून उठली.
टॉवर प्रत्येकाला पाळी देतो, पाटाच्या पाण्यासारखी,
फक्त ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाची,
म्हणून भांडणं होत नाहीत.

मी उतरलो तेव्हा
लेतू टेकामांचा अंगठा मशीनवर होता.
चाक फिरलं.
प्रश्न टेकडीवर गेला, मातीखाली गेला,
कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन
तीन सेकंदांत परत आला:
अंगठा जुळत नाही.

तेंदूचे पुडके बांधून बांधून
रेषाच राहिल्या नव्हत्या.
दुसरं बोट. नाही.
दुसरा हात. नाही.
"दादा, हे तुमच्यात येते का?" वनितानं विचारलं.
नाही म्हटलं. माझं काम बशीपर्यंत.

तिनं वाटीत कोमट पाणी आणलं,
म्हाताऱ्याचा हात पदरावर घेतला
आणि एकेक बोट पुसायला बसली,
कान कोरावा इतक्या हळू.
फोनवर पाची दांड्या भरलेल्या.
मी पाना पिशवीत टाकला,
गाडीला किल्ली लावली,
आणि थांबलो.